बाइटांचें वाचन

संगणकावरील एखादें छायाचित्र कोणी चुकून अक्षरें लिहिण्याच्या साध्या प्रोग्रॅममध्यें उघडलें, म्हणजे पडद्यावर जें दिसतें तें पाहून घरांतील मंडळी घाबरून जातात. चौकोन, प्रश्नचिन्हें, अनोळखी लिप्यांतील सुटीं अक्षरें आणि मध्येंच एखादा अर्थहीन शब्द, असा तो सगळा पसारा असतो. फाईल बिघडली, असा बहुतेकांचा समज होतो. वास्तविक फाईलीस कांहींहि झालेलें नसतें. तीच फाईल चित्र दाखविणाऱ्या प्रोग्रॅममध्यें उघडावी, कीं सर्वांचे चेहरे जसेच्या तसे समोर येतात. वस्तु एकच, एकानें ती योग्य रीतीनें वाचली व दुसऱ्यानें भलत्या रीतीनें वाचली, एवढाच काय तो भेद. ही योग्य रीत कोणती, आणि ‘सी’ नांवाच्या संगणकभाषेंत ती पाळावयाची झाल्यास कोठें कोठें जपावें लागतें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी त्याचें मर्म जुनें दप्तर चाळणाऱ्या कोणाहि माणसास सहज उमगेल असें आहे.

फाईल म्हणजे अखेर आंकड्यांची एक लांबलचक ओळ. या ओळींतील प्रत्येक घरास बाइट म्हणतात. एका बाइटांत शून्य अथवा एक अशीं आठ चिन्हें बसतात व त्यांच्या निरनिराळ्या जुळणींनीं ० पासून २५५ पर्यंतचा कोणताहि एक आंकडा त्या घरांत ठेवतां येतो. छायाचित्र, गाणें, बँकेच्या खात्याचा उतारा, मुलाचा निबंध, हीं सर्व अशाच ओळींच्या रूपानें सांठविलेलीं असतात.

ज्या फाईलींतील आंकडे अक्षरें समजून वाचावयाचे, तिला मजकुराची फाईल म्हणतात. ६५ हा आंकडा आला कीं इंग्रजींतील मोठा ‘ए’ समजावा, असा संकेत अमेरिकेंत १९६३ सालीं ठरला. देवनागरीसाठीं आज बहुधा यूटीएफ-८ हा संकेत वापरतात, आणि त्यांत ‘क’ हें एक अक्षर २२४, १६४ व १४९ अशा तीन बाइटांनीं लिहिलें जातें. दुसऱ्या जातीच्या फाईलींत आंकडे सरळ राशि म्हणून ठेवलेले असतात. १९४७ ही संख्या मजकूर म्हणून लिहिली तर चार अंकांचे चार बाइट लागतात. राशि म्हणून लिहिली तर १५५ व ७ असे दोनच बाइट पुरतात, कारण ७ गुणिले २५६ अधिक १५५ बरोबर १९४७. अशा फाईलीस रूढीनें बायनरी, म्हणजे द्विमान, फाईल म्हणतात.

बाइटाच्या अंगीं स्वतःचा असा अर्थ नसतो, ही गोष्ट प्रथम मनांत ठसली पाहिजे. ६५ हें एके ठिकाणीं अक्षर असेल, दुसऱ्या ठिकाणीं करड्या रंगाची छटा असेल, तिसऱ्या ठिकाणीं चार बाइटांच्या एखाद्या मोठ्या राशीचा एक तुकडा असेल. अर्थ राहतो तो लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या करारांत. मोडी कागद वाचणारास यांत नवल वाटणार नाहीं. मोडींत शब्दाशब्दांमध्यें मोकळी जागा सोडीत नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद कसोशीनें पाळीत नसत. तरीहि दप्तरांतील कारकून तें पत्र घडाघड वाची, कारण लिहिण्याचा प्रघात त्यास ठाऊक असे. प्रघात ठाऊक नसलेला कितीहि विद्वान असला तरी त्या कागदापुढें निरक्षरच.

आतां ‘सी’ भाषेकडे वळावें. ही भाषा अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत घडविली. ब्रायन कर्निघन यांच्यासह त्यांनीं लिहिलेलें तिचें प्रसिद्ध पुस्तक १९७८ सालीं निघालें. यूनिक्स ही संगणकाची कार्यपद्धति याच भाषेंत लिहिली गेली, आणि आज असंख्य यंत्रें चालविणाऱ्या लिनक्सचा गाभाहि मुख्यतः तींतच आहे. या भाषेस निम्नस्तरीय म्हणतात तें तिचा दर्जा हलका म्हणून नव्हे. ती यंत्राच्या अगदीं जवळून बोलते, स्मृतींतील घरें थेट लिहिणाऱ्याच्या हातीं देते व मध्यें पहारेकरी ठेवीत नाहीं. नवीन भाषा पुष्कळ गोष्टी लिहिणाऱ्याच्या वतीनें तपासून घेतात. ‘सी’ त्याच्यावर विश्वास टाकते, आणि तो विश्वास त्यानें सार्थ न केल्यास फळहि त्यालाच भोगावें लागतें.

फाईल उघडण्यासाठीं या भाषेंत ‘एफओपन’ नांवाची क्रिया आहे. तिला फाईलीचें नांव सांगावयाचें व ती कशासाठीं हवी तेंहि सांगावयाचें. नुसतें ‘आर’ असें लिहिलें तर वाचनासाठीं. ‘आरबी’ असें लिहिलें तर बायनरी वाचनासाठीं. यूनिक्सवर या दोहोंत भेद नाहीं, म्हणून तेथें शिकलेला विद्यार्थी ‘बी’ गाळून टाकतो. विंडोजवर मात्र मजकुराची ओळ १३ व १० अशा दोन बाइटांनीं संपते, आणि नुसत्या ‘आर’नें उघडलेल्या फाईलींत ही जोडी आली कीं तिचा एकच १० करून वाचणारास दिला जातो. शिवाय २६ हा बाइट भेटला कीं फाईल संपली असें धरलें जातें. मजकुरासाठीं ही सोय ठीक आहे. परंतु छायाचित्रांत १३, १० आणि २६ हे आंकडे रंग म्हणूनहि येऊं शकतात. मग चित्राचे बाइट गळतात, पुढची सारी मांडणी सरकते, किंवा अर्ध्या वाटेवरच वाचन थांबतें.

हा धोका ओळखूनच १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पीएनजी या चित्रप्रकाराच्या कर्त्यांनीं मोठी चतुराई केली. प्रत्येक पीएनजी फाईलीच्या आरंभीं १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे आठ बाइट असतात. मधले ८०, ७८ व ७१ हीं ‘पी’, ‘एन’, ‘जी’ हीं अक्षरें. १३७ हा आंकडा १२७ हून मोठा असल्यानें, वाटेंत कोणी आठवें चिन्ह छाटून टाकलें तर तें लगेच कळतें. पुढील १३ व १० या जोडीचें कोणी रूपांतर केलें असेल तर जोडी मोडलेली दिसते, आणि शेवटच्या एकट्या १० वरून उलट प्रकारचें रूपांतरहि उघडकीस येतें. २६ हा बाइट जुन्या डॉस यंत्रावर ती फाईल मजकूर म्हणून छापूं पाहणारास तेथेंच थोपवितो. आठ बाइट बरोबर जुळले, तर वाहतुकींत माल अखंड राहिल्याची पहिली खूण पटली. वाचणाऱ्यानें ही खूण पाहिल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये.

फाईल उघडल्यावर ‘एफरीड’ या क्रियेनें बाइट मागवावयाचे. शंभर मागितले म्हणजे शंभर येतीलच असें नाहीं. फाईल अपुरी असेल, तर चाळीसच येतील. उरलेल्या साठ घरांत आधींचा जो केरकचरा असेल तोच राहील. किती आले तें ‘एफरीड’ सांगते. तें ऐकून न घेणारा प्रोग्रॅम त्या केरकचऱ्यास चित्र समजून बसतो. वाण्याच्या दुकानांतून आलेलें सामान ज्या घरांत मोजून घेतात, त्या घरांतील मुलांना हा नियम शिकवावा लागूं नये.

दुसरी चूक फाईलीच्या शेवटाविषयीं होते. ‘एफईओएफ’ नांवाची क्रिया फाईल संपली कीं नाहीं तें सांगते, असें ऐकून विद्यार्थी लिहितो: फाईल संपली नाहीं तोंवर एकेक नोंद वाच आणि बेरीज कर. परंतु शेवटची नोंद वाचली जाते त्या क्षणीं या क्रियेस शेवट कळलेला नसतो. त्याच्या पलीकडे वाचूं गेल्यावर कांहीं मिळालें नाहीं, म्हणजे मग कळतो. त्यामुळें प्रोग्रॅम आणखी एक खेप करतो, नवें कांहीं येत नाहीं, आणि हातांत उरलेली शेवटचीच नोंद पुन्हां बेरजेंत घेतली जाते. दहा ठेवीदारांच्या यादींत दहाव्याची रक्कम दोनदां मांडली जाते. पहिले नऊ आंकडे बरोबर असल्यानें संशयहि येत नाहीं.

एकेक बाइट वाचणाऱ्या ‘एफगेटसी’ या क्रियेंत याहून सूक्ष्म खोंच आहे. बाइट मिळाला तर ती ० ते २५५ पैकीं आंकडा देते, आणि फाईल संपली तर सामान्यतः उणे एक देते. म्हणजे उत्तरें २५७ प्रकारचीं झालीं. तीं एका बाइटाच्या भांड्यांत मावत नाहींत. कोणी तसें भांडें वापरलें, तर पुष्कळ यंत्रांवर २५५ हा खरा बाइट उणे एकसारखा दिसतो व फाईल संपली असें वाटतें. जेपीईजी प्रकारच्या छायाचित्राचा पहिलाच बाइट २५५ असतो! तेव्हां असा प्रोग्रॅम घरांतील बहुतेक छायाचित्रें पहिल्या घरांतच रिकामीं ठरवील.

यापुढचा प्रश्न क्रमाचा. एका बाइटांत न मावणारी राशि दोन वा चार बाइटांत विभागून लिहितात. परंतु लहान हिस्सा आधीं कीं मोठा? मराठी माणसास हा प्रश्न घरचाच आहे. ‘पंचवीस’ म्हणतांना त्याच्या तोंडून आधीं पांच व मग वीस निघतात. इंग्रज त्याच संख्येस आधीं वीस व मग पांच म्हणतो. जुन्या ज्योतिषग्रंथांत शब्दांनीं संख्या सांगतांना एकंस्थानचा अंक प्रथम देण्याचा प्रघात आहे, म्हणून ‘वेद-बाण’ म्हटल्यास वेद चार व बाण पांच असूनहि संख्या ५४ होते. नियम न जाणणारा ती ४५ वाचील.

यंत्रांतहि असेच दोन पंथ आहेत. डॅनी कोहेन यांनीं १९८० सालीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यांना स्विफ्टच्या ‘गलिव्हर’च्या प्रवासवर्णनांतील, अंडें कोणत्या टोंकानें फोडावें यावरून भांडणाऱ्या लोकांचीं नांवें दिलीं, आणि तीं रूढ झालीं. चित्राची रुंदी ३०० ठिपके असेल, तर पीएनजी फाईलींत ती ०, ०, १, ४४ अशी लिहिलेली सांपडेल. विंडोजच्या बीएमपी फाईलींत तीच ४४, १, ०, ० अशी सांपडेल. दोन्ही ठिकाणीं अर्थ एकच, १ गुणिले २५६ अधिक ४४. परंतु पीएनजीचे ते चार बाइट कोणी बीएमपीच्या क्रमानें वाचले, तर रुंदी ७३ कोटि ८२ लाख ६३ हजार ४० ठिपके भरेल. यावर खात्रीचा उपाय असा, कीं चार बाइट सुटे घ्यावेत आणि फाईलीच्या करारांत जो क्रम सांगितला असेल त्याप्रमाणें त्यांस अनुक्रमें २५६ च्या घातांनीं गुणून बेरीज करावी. मग वाचणारें यंत्र कोणत्याहि पंथाचें असो, उत्तर बदलत नाहीं.

‘सी’मध्यें एक मोहक आडवाट आहे. फाईलीच्या मथळ्याचा आराखडा भाषेंत लिहावयाचा आणि सगळे बाइट एकदम त्या सांच्यांत ओतावयाचे. बीएमपीचा पहिला मथळा १४ बाइटांचा असतो: दोन बाइट ‘बीएम’ या खुणेचे, चार फाईलीच्या एकूण लांबीचे, दोन व दोन राखीव, आणि चार बाइट चित्र कोठून सुरू होतें तें सांगणारे. परंतु चार बाइटांची राशि चारानें भाग जाणाऱ्या घरापासून सुरू व्हावी, अशी यंत्राची सोय पाहून भाषांतर करणारा प्रोग्रॅम पहिल्या दोन बाइटांमागें दोन रिकामीं घरें सोडतो. सांचा १६ बाइटांचा होतो. ३०० रुंद व २०० उंच अशा २४ बिट रंगांच्या चित्राची फाईल १,८०,०५४ बाइटांची असते. असा सांचा वापरणारास तिची लांबी २ दिसेल, आणि चित्र २६,२१,४४० व्या घरापासून सुरू होतें असें वाटेल. फाईल निर्दोष, यंत्र निर्दोष, आणि वाचन मात्र पार फसलेलें!

येथपर्यंतच्या चुकांनीं चित्र बिघडतें किंवा हिशेब चुकतो. पुढील चुकीनें घराचें दार उघडें पडतें. फाईल स्वतःविषयीं अनेक गोष्टी सांगते: माझी लांबी इतकी, पुढील मजकूर इतक्या बाइटांचा. हें तिचें म्हणणें असतें, पुरावा नव्हे. जेपीईजी फाईलींत टिपणासाठीं एक भाग असतो व त्याच्या आरंभीं दोन बाइटांत त्याची लांबी लिहिलेली असते. या लांबींत ते दोन बाइटहि धरावयाचे असल्यानें ती २ हून कमी असूं शकत नाहीं. टिपणाचा खरा मजकूर किती, हें काढण्यासाठीं प्रोग्रॅम तिच्यांतून २ वजा करतो. आतां एखाद्या दुष्टानें मुद्दाम तेथें शून्य लिहिलें तर? शून्यांतून दोन गेले, उणे दोन उरले. परंतु ज्या ३२ चिन्हांच्या भांड्यांत उणे राशि ठेवण्याची सोयच नाहीं, त्यांत ती ४२९ कोटि ४९ लाख ६७ हजार २९४ अशी दिसते. प्रोग्रॅम तितके बाइट उतरून घेऊं लागतो, नेमलेली जागा ओलांडून शेजारची स्मृति पुसून टाकतो, आणि चित्राच्या मिषानें आलेल्या परक्या आज्ञा यंत्र पाळूं लागतें. असा दोष २००० सालीं नेटस्केप या प्रोग्रॅममध्यें आढळला. आणि तशाच जातीचा दोष मायक्रोसॉफ्टच्या चित्रें दाखविणाऱ्या भागांत असल्याचें सप्टेंबर २००४ मध्यें जाहीर झालें. मध्यें चार वर्षें गेलीं होतीं. एकास लागलेली ठेंच दुसऱ्याच्या उपयोगीं पडली नाहीं.

१९ जुलै २०२४ रोजीं तर याच कुळांतील चुकीचा प्रत्यय साऱ्या जगास आला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमसाठीं नियमांची एक नवी फाईल पाठविली गेली. तिच्यांतील नियमास एकविसावें मूल्य तपासावयाचें होतें. प्रोग्रॅमच्या हातीं मूल्यें वीसच होतीं. एकविसावें घर आहे कीं नाहीं हें न पाहतां प्रोग्रॅमनें तेथें हात घातला, आणि तो यंत्राच्या गाभ्यांत चालत असल्यानें सारें यंत्रच कोसळलें. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख यंत्रें बंद पडलीं. विमानें रखडलीं, रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं, आणि भारतांतील विमानतळांवरहि प्रवाशांना हातानें लिहिलेले पास देण्याची वेळ आली. यांत कोणा शत्रूचा हात नव्हता. वीस कीं एकवीस, एवढें मोजून पाहण्याचें राहून गेलें होतें.

म्हणून ‘सी’मध्यें फाईल वाचूं इच्छिणाऱ्या तरुणानें कांहीं नेम पाळावे. फाईल ‘आरबी’नें उघडावी. आरंभींची खूण पटवावी. मागितले किती व आले किती, हें प्रत्येक वेळीं पाहावें. राशि करारांतील क्रमानें स्वतः जुळवावी. आणि फाईल जी लांबी सांगेल ती, हातांत प्रत्यक्ष उरलेल्या बाइटांशीं ताडून पाहिल्यावांचून वापरूं नये. गुणाकार करतांनाहि जपावें. कारण रुंदी ६५,५३६ व उंचीहि तितकीच असें फाईलीनें सांगितलें, तर ३२ चिन्हांच्या भांड्यांत त्यांचा गुणाकार शून्य भरतो, आणि शून्य जागा घेऊन प्रोग्रॅम चित्र भरावयास बसतो.

ज्यांच्या घरीं मुलें ही विद्या शिकत असतील, त्यांना एक सोपा पाठ देतां येईल. चित्रें काढण्याच्या साध्या प्रोग्रॅममध्यें ३०० रुंद व २०० उंच असें चित्र करावें, त्याच्या डाव्या बाजूच्या खालच्या कोंपऱ्यांत लाल रंग भरावा आणि तें २४ बिट बीएमपी म्हणून ठेवावें. मग मुलानें ‘सी’मध्यें दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्या फाईलीचे पहिले ५७ बाइट आंकड्यांत छापावे. घरें शून्यापासून मोजलीं असतां दुसऱ्यापासून ८६, १९१, २, ० ही फाईलीची लांबी. दहाव्यापासून ५४, ०, ०, ० ही चित्राच्या आरंभाची जागा. अठराव्यापासून ४४, १, ०, ० ही रुंदी. बाविसाव्यापासून २००, ०, ०, ० ही उंची. चोपन्नाव्या घरापासून ०, ०, २५५ असे बाइट येतील. तोच तो कोंपऱ्यांतला लाल ठिपका. बीएमपींत चित्र खालून वर लिहितात, आणि निळा, हिरवा, लाल या क्रमानें रंग मांडतात, हें त्यावरून मुलाच्या आपोआप ध्यानीं येईल.

इतकें झाल्यावर त्या मुलास लांबीच्या चार बाइटांत हातानें खोटा आंकडा लिहावयास सांगावें, आणि त्याचा प्रोग्रॅम ती लबाडी पकडतो कीं तिच्यावर विश्वास ठेवतो, तें पाहावें. लबाडी पकडणारा प्रोग्रॅम ज्यानें लिहिला, त्यास बायनरी फाईल वाचतां येऊं लागली असें खुशाल समजावें.